१९६१ चा रणगाडा आणि डिचोलीची धूळ

[टेबलावर दोन रणगाडे. कॅमेरा खाली, रणगाड्यांच्याच उंचीवर.]

नमस्कार मंडळी. आधी हे दोघे नीट बघून घ्या. डावीकडचा पॅटन, उजवीकडचा एएमएक्स-१३. दोन्ही १/३५ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. दोन्ही मीच केलेत, मध्ये आठ वर्षांचं अंतर आहे.

डावीकडच्यावर मी महिनाभर घाम गाळला होता. गंज, पोपडे, ओघळ, जे जे येत होतं ते सगळं ओतलं. चतुर्थीला भाचा घरी आला, कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हा लढाईत मेला की गंजून मेला?"

वय वर्षं अकरा. पण प्रश्न अगदी बरोबर. आजचा सगळा व्हिडिओ त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

[कॅमेरा चेहऱ्यावर.]

चूक कुठे झाली ते सांगतो. मी राहतो डिचोलीत. खाणपट्टा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग २०१८ ला पुन्हा, आणि कितीतरी टिपर दारात, माळावर, झाडाखाली उभे राहिले ते राहिलेच. मॉडेल जुनं कसं दिसावं हे मी त्या टिपरवरून शिकलो. फोटो काढले, रंग जुळवले, एकेक भोक हुबेहूब उतरवलं. काम वाईट नव्हतं, फक्त ते टिपरचं होतं.

टिपरच्या केबिनचा पत्रा पातळ. दहा पावसाळे उघड्यावर गेले की तो आरपार खातो, कडा पापडासारख्या मोडतात. रणगाड्याचं चिलखत सेंटिमीटरात मोजतात. त्यावर गंज येतो, पण वरवरचा, तांबूस पावडरीसारखा. आणि मुख्य म्हणजे लढाईतला रणगाडा म्हातारा नसतो. आत तीन-चार माणसं असतात, त्यांचा जीव त्या यंत्रावर असतो, ती रोज त्याला तेलपाणी करतात. तो मळतो, खरचटतो, धुळीने माखतो. पण कुजत नाही.

अपवाद एकच, सायलेन्सर. तो पातळ पत्र्याचा असतो, तापतो, गार होतो, पुन्हा तापतो. तिथे टिपरचा सगळा अभ्यास खुशाल वापरा. बाकी अंगावर हात आवरा.

मग उजवीकडच्याला मी काय दिलं? तारीख दिली. गंमत नाही, खरंच. कुठलंही मॉडेल उघडण्याआधी आता मी खोक्यावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहितो: कुठली जागा, कुठला महिना.

ह्याच्या खोक्यावर लिहिलं होतं: गोवा, डिसेंबर.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. शाळेत आपण हे शिकतो, पण त्या फौजेबरोबर हलके रणगाडे होते, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. जुने अमेरिकन स्टुअर्ट होते आणि फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३. पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले होते, डिचोलीचा, अस्नोड्याचा, शापोऱ्याचा. तरी त्याच संध्याकाळी सैन्याची एक तुकडी बेतीला, मांडवीच्या काठाला येऊन थांबली. समोर पणजी. आज ज्या बेतीत आपण मासळी घ्यायला जातो, तीच.

आता डिसेंबर म्हटल्यावर डोळ्यासमोर काय येतं? पाऊस जाऊन दीड-दोन महिने झालेत. भात कापून झालंय. रस्ते सुके. म्हणजे चिखल नाही, धूळ. आणि ती आपली धूळ, जांभ्याची, तांबडी. पण पहाटे दव पडतं. दवाने ओल्या झालेल्या पत्र्यावर धूळ बसते आणि ऊन चढलं की तिथेच वाळून चिकटते. पूल उडवल्यामुळे ओहोळ-नद्या पाण्यातून ओलांडल्या असणार असं मी धरलं. म्हणून चाकांच्या खालच्या भागात थोडी ओल. बस. एवढ्यावर मॉडेलचं निम्मं काम झालं आणि अजून खोकं उघडलेलंही नाही.

[हातात सुटे भाग.]

जोडणीवर फार वेळ घालवत नाही, त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. सुटे भाग फ्रेमवरून काढताना निपर वापरा, हाताने पिळू नका. नखकात्रीने सुरुवात केलीत तरी चालेल, मीही तसाच शिकलो. जिथे दोन अर्धे भाग जुळतात, विशेषतः तोफेच्या नळीवर, तिथे रेघ उरते. ती लांबीने (पुट्टीने) भरायची आणि वॉटर पेपरने घासायची. गॅरेजवाला गाडीचा पोचा भरतो ना, तेच काम, फक्त बोटभर जागेत. घासताना मास्क लावा.

एएमएक्सबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्याचा टरेट, म्हणजे वरचा तोफेचा बुरूज, बघा. साध्या रणगाड्यात टरेट फक्त आडवा गोल फिरतो आणि तोफ तेवढी वर-खाली होते. ह्यात टरेटचा वरचा अख्खा भागच तोफेसकट झुलतो, आणि दोन भागांच्या मध्ये घडीची रबरी झालर असते. आत गोळे भरायला दोन फिरती नळकांडी, प्रत्येकात सहा गोळे. बारा संपले की बाहेर उतरून पुन्हा भरायचे! मॉडेलवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्या झालरीच्या घड्यांत धूळ साठते. ती जागा लक्षात ठेवा, परत येऊ.

[स्प्रे बूथ.]

रंग. इथे माझे गुरू हॉबीवाले नाहीत. आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा आहे, तिथल्या काकांकडून मी स्प्रे धरायला शिकलो. त्यांचं काम कधी बघितलंत का? मूर्तीच्या अंगावर आधी घड्यांमध्ये, बोटांच्या बेचक्यात, पोटाखाली गडद रंगाचा हलका फवारा. मग वरून अंगाचा रंग, पातळ, थरावर थर, की खालची सावली थोडी दिसत राहावी. मॉडेलच्या दुनियेत ह्याला प्री-शेडिंग म्हणतात आणि लोक त्यावर मोठमोठे व्हिडिओ करतात. काका दर आषाढ-श्रावणात दोनशे मूर्तींवर ते करतात, नाव न घेता.

काका आणखी एक म्हणायचे: "रंग लावू नकोस, रंग सोड." एअरब्रश थांबवून फवारलात की रंग वाहतो. हात आधी हलू दे, मग रंग सुटू दे, आणि हात थांबायच्या आधी रंग बंद.

हिरवा निवडताना डबीवरचा ऑलिव्ह ग्रीन जसाच्या तसा मारू नका. एवढ्याशा वस्तूवर तो काळाच दिसतो. थोडा पिवळट-करडा मिसळून उजळ करा. सपाट वरच्या भागांवर अजून थोडा, कारण ऊन तिथे पडतं.

आता गोव्यात राहणाऱ्यांसाठी खास. जून ते सप्टेंबर मॅट वार्निश फवारायची नाही. हवेतली ओल तिच्यात अडकते आणि सगळ्या मॉडेलवर पांढरट धुकं बसतं. माझं बसलंय. तसं झालंच तर रडू नका, कोरडा दिवस बघून वरून ग्लॉस वार्निशचा हात द्या, बहुतेक वेळा धुकं जातं. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप नसेल तर आधी तो घ्या, नाहीतर नळीत साठलेलं पाणी ऐन वेळी थुंकतं.

[कॅमेरा जवळ. कापसासारखा स्पंजचा तुकडा.]

खरचटणं. इथे हिशोब करा. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. म्हणून ब्रशने ठिपके काढायला जाऊ नका, तो नेहमी मोठाच पडतो. पार्सलमध्ये येणारा स्पंज फाडून घ्या, गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि मग हलकेच टेकवा. कुठे? माणूस जिथे चढतो, जिथे हात धरतो, जिथे झाकण आपटतं. आमच्या घरातल्या जिन्याचा कठडा मधोमध गुळगुळीत झालाय आणि टोकाला अजून रंग आहे. तसंच.

मोठा टवका हवा असेल तर हेअरस्प्रे. हो, केसांचाच. खाली गंजाचा तपकिरी, तो पक्का वाळवा. वर हेअरस्प्रेचे दोन हात. मग हिरवा ॲक्रिलिक. वीस मिनिटांनी कोमट पाण्याने ती जागा ओली करा आणि आखूड केसांच्या कडक ब्रशने घासा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो, वरचा हिरवा खपलीसारखा सुटतो. दुसऱ्या दिवसावर ढकललात तर रंग घट्ट होतो आणि नको तिथे मोठ्या चकत्या निघतात. सायलेन्सरच्या झाकणावर वापरलंय, बाकी कुठेच नाही. भाचा आठवतो मला.

मग वॉश, म्हणजे सांध्यांत उतरणारा पातळ रंग. बर्न्ट अंबर ऑइल कलर, त्यात टर्पेंटाइन, कोऱ्या चहाइतकं पातळ. बारीक ब्रशचं टोक रिव्हेटला नुसतं टेकवा. थेंब आपोआप कडेने फिरतो, सांध्यात धावतो. बघायला फार छान वाटतं, आणि म्हणूनच माणूस जास्त करतो. ह्याच्या आधी ग्लॉस वार्निश हवीच, खडबडीत पृष्ठभागावर वॉश पसरतो आणि डाग पडतो. आणि खालचा रंग एनॅमल असेल आणि मध्ये वार्निश नसेल, तर टर्पेंटाइन तो रंगच उठवतं. एका रविवारी दुपारी माझ्या एका शर्मन रणगाड्याची अर्धी बाजू अशी ब्रशवर आली. जेवण तसंच राहिलं.

[खिडकीबाहेरची भिंत.]

हे बघा. ही आमच्या घराची मागची भिंत, खिडकीच्या खाली. ओघळ दिसतात? सगळे सारखे नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून लांब, गडद. मधल्या भागात फिकट, तुटक. पाणी जिथे जमतं तिथून खाली येतं, उगाच कुठूनही नाही. रणगाड्यावर तसंच: बोल्टच्या खालून, हुकाच्या टोकातून, झाकणाच्या कडेतून.

ऑइल कलर आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवा, अर्धा तास. पुठ्ठा तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो. मग पांढरा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, किंचित निळा, यांचे बारीक ठिपके उभ्या बाजूवर द्या. टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेला, जवळजवळ कोरडा ब्रश वरून खाली ओढा. ठिपके विरून जातात, रंगाची नुसती झाक उरते. उभ्या बाजूवर खाली, आडव्यावर गोल. एवढंच ध्यानात ठेवा. पण डिसेंबर आहे ना! म्हणून ओघळ माफक. सप्टेंबर असता तर दुप्पट दिले असते.

[वाटीत तांबडी पूड.]

आणि आता धूळ. पिगमेंटच्या, म्हणजे रंगीत पुडीच्या, डब्या विकत मिळतात, चांगल्या असतात. पण ही माझ्या दारातली आहे. जांभा तांबडा असतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि विकतच्या तांबड्या पिगमेंटमध्येही बहुधा तेच असतं. मग पैसे कशाला?

फक्त तशीच लावू नका. पुन्हा हिशोब: अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा होतो. म्हणजे धूळ नाही, खडी. माती उन्हात कडकडीत वाळवा, खलात घोटा आणि वस्त्रगाळ करा. जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा सगळ्यात उत्तम. आमची आजी औषधाची पूड अशीच गाळायची. वस्त्रगाळ केल्यावर जे खाली पडतं, ती १/३५ मधली धूळ.

मऊ ब्रशने ती घड्यांत, कोपऱ्यांत, चाकांच्या मागे सोडा. एएमएक्सच्या त्या झालरीत सोडा, लक्षात आहे ना? मग टर्पेंटाइनचा थेंब कडेला टेकवा, तो आत पसरतो आणि वाळल्यावर धूळ धरून ठेवतो. ओली असताना काळपट दिसेल, घाबरू नका. खालच्या चाकांवर मात्र थोडी ग्लॉस वार्निश मिसळून दिली, म्हणजे ती ओलसर, गडद राहिली. शेवटी वरून वार्निश मारायची नाही, सगळी धूळ गायब होते.

चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांना ६बी पेन्सिल. जिथे पोलाद चाकावर घासतं तिथे शिसं फिरवा, चकाकी येते. रबरी पॅडवर नाही, रबर चकाकत नाही.

[दोन्ही रणगाडे शेजारी शेजारी.]

राहिला हा पॅटन. ह्याच्या खोक्यावर आता लिहिलंय: खेमकरण, सप्टेंबर १९६५. असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी शेतं पाण्याने भरली होती, आणि पाकिस्तानचे पॅटन उसात, चिखलात रुतले. म्हणजे ह्याला तांबडी धूळ नाही, पंजाबचा करडा, ओला चिखल लागेल, पट्ट्यांपासून मडगार्डपर्यंत. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं म्युझियम आहे. तिथे पॅटन जवळून बघता येतो. आकार, सांधे, पट्टे तिथून घ्या, रंग मात्र घेऊ नका, तो जपणुकीचा असतो, लढाईचा नसतो.

[प्लास्टिकचा डबा. पॅटन आत जातो.]

तर हा चालला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. वरचं सगळं काम ॲक्रिलिकचं आहे, रात्रभरात सुटेल. सकाळी जुना टूथब्रश. आणि चिखलासाठी पंजाबची माती कुठून आणायची, ते अजून ठरायचंय. आमचा शेजारी लष्करात भटिंड्याला आहे, सुट्टीवर येताना पुडी आण म्हणून सांगितलंय. त्याच्या बायकोला वाटलं मी हिंग मागवलाय.