अंदाज विचारण्याआधी गुण कसे देणार ते सांगा

मंडळी, आज सभागृहात संख्याशास्त्रवाले आहेत, अर्थशास्त्रवाले आहेत आणि मशीन लर्निंग करणारी तरुण मंडळी तर बरीच दिसताहेत. त्यामुळे संभाव्यता म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. थेट १८८४ सालच्या अमेरिकेत जाऊ.

तिथल्या लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, जॉन फिनली नावाचा अधिकारी होता. टोर्नेडो, म्हणजे ढगातून सोंडेसारखं जमिनीवर उतरणारं वादळ, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचा मुलूख त्यानं १८ विभागांत वाटला आणि मार्चपासून विभागवार अंदाज द्यायला सुरुवात केली: इथे टोर्नेडो होईल, तिथे होणार नाही. उपग्रह नाहीत, रडार नाही. तारेनं आलेल्या नोंदी आणि कागदावरचे नकाशे, एवढीच सामग्री. तीन महिन्यांत एकूण २,८०३ अंदाज झाले आणि त्यांतले २,७०८ बरोबर ठरले. म्हणजे ९६.६ टक्के. फिनलीनं हा आकडा छापला.

त्याच वर्षी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञानं त्याच अंदाजांचा तक्ता उलगडला. टोर्नेडो प्रत्यक्षात झाले होते फक्त ५१ वेळा. मग नकाशाकडे न बघता प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस २,७५२ वेळा बरोबर ठरला असता. ९८.२ टक्के. काहीही न करणारा फिनलीच्या पुढे!

हात वर करा पाहू, ९९ टक्के अ‍ॅक्युरसीचा प्रकल्प, म्हणजे शंभरात ९९ उत्तरं बरोबर असा, कोणी कोणी पाहिलाय? (हशा) बघा, मागच्या रांगेपर्यंत हात आहेत. कार्डावरची फसवणूक पकडणारं मॉडेल (जुन्या नोंदींवरून शिकणारा संगणक-प्रोग्रॅम), दुर्मीळ आजार ओळखणारं मॉडेल. हजारात पाच व्यवहार खोटे असतील, तर सगळे खरे म्हणणारं मॉडेल ९९.५ टक्के बरोबर येतं. मुलं हुशार असतात, मेहनत केलेली असते, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर नेमका हाच आकडा ठळक अक्षरांत असतो. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या आकड्याखाली त्यांचं खरं काम झाकलं जातं.

फिनलीचंही तसंच झालं. ही गोष्ट बहुतेक वेळा गिल्बर्टच्या चिमट्यावर संपवतात. मला ते पटत नाही. फिनलीनं ‘होईल’ असं म्हटलं १०० वेळा, आणि त्यांतल्या २८ वेळा टोर्नेडो झाला. एरवी त्याचं प्रमाण शंभरात दोनसुद्धा नाही. म्हणजे फिनली बोट ठेवेल तिथे धोका जवळजवळ पंधरापट. १८८४ साली ही माहिती सोन्याच्या मोलाची होती. पण पद्धतीत उत्तरं दोनच: होईल किंवा नाही. ‘आज इथे २८ टक्के’ असं म्हणायला त्याला जागाच नव्हती. आणि बरोबर-चूक मोजणाऱ्या गुणपद्धतीत त्याच्या फायद्याचं होतं गप्प बसणं. पुढे सिग्नल कोअरनं अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरायचा नाही असं ठरवलं. ते बंधन उठलं १९३८मध्ये.

आपल्याकडे हवामान खातं मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज देताना अपुऱ्या पावसापासून अतिवृष्टीपर्यंत पाच गटांच्या संभाव्यता देतं. बातमीत मात्र सरासरीच्या अमुक टक्के एवढा एकच आकडा उरतो, आणि सप्टेंबरात त्याच आकड्यावरून खात्याला झोडपलं जातं. ज्याला पेरणी ठरवायची आहे त्याच्या उपयोगाच्या त्या पाच संख्या. त्या छापायला कितीशी जागा लागते?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. जे सांगायला उभा राहिलो ते आता भराभर सांगतो.

माणसाच्या मनात ७० टक्के असेल तर त्यानं ७०च म्हणावं, अशी गुणपद्धत हवी. समजा, चुकण्याबद्दलचा दंड म्हणून साधं अंतर घेतलं. घटना घडली तर १ वजा तुमची संभाव्यता, नाही घडली तर ती संभाव्यताच. खरं ७० सांगणाऱ्याला सरासरी दंड बसतो ०.४२, आणि छातीठोकपणे १०० सांगणाऱ्याला ०.३०. म्हणजे ही पद्धत फुगवून बोलायला शिकवते. आता त्याच अंतराचा वर्ग घ्या. ७० सांगितलं तर ०.२१, ९० सांगितलं तर ०.२५, १०० सांगितलं तर ०.३०. खरं बोलणं सगळ्यांत स्वस्त. ही वर्गाची पद्धत १९५०मध्ये अमेरिकी हवामान विभागातल्या ग्लेन ब्रायरनं मांडली. तपासणीच्या पद्धतीनं अंदाज देणाऱ्याला वाकडी वाट दाखवू नये, हा त्याचा आग्रह होता.

१९५२मध्ये आय. जे. गुड या ब्रिटिश गणितज्ञानं लॉगरिदमवर आधारलेले गुण सुचवले. तुम्ही वर्गीकरणाचं मॉडेल शिकवताना चुकीचं माप म्हणून जो क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस वापरता, तो हाच. १९७१मध्ये संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेजनं खरं बोलणं स्वस्त ठेवणाऱ्या अशा सगळ्या पद्धतींचं गणित एकत्र बांधलं. आयोवा विद्यापीठात १९८८पासून निवडणुकीच्या अंदाजांचा छोट्या रकमांचा बाजार चालतो; तिथे गुणांच्या जागी पैसे. २०११पासून अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या पैशांवर अंदाजांच्या स्पर्धा झाल्या, त्यांत मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांच्या गटाला गुण मिळाले ते ब्रायरच्याच पद्धतीनं.

ज्याचं खरं उत्तर कधी कळणारच नाही, तिथे काय करायचं? संशोधक ड्राझेन प्रेलेक यांनी २००४मध्ये वाट काढली: स्वतःचं उत्तर द्या आणि इतर किती जण काय उत्तर देतील तेही सांगा. लोकांच्या अपेक्षेहून जास्त वेळा आलेल्या उत्तराला जास्त गुण.

मॉडेलवाल्यांसाठी एकच गोष्ट. आधुनिक न्यूरल नेटवर्क (आजची बहुतेक मॉडेलं ज्यांवर उभी आहेत ती जाळी) अचूक असूनही फाजील आत्मविश्वासानं बोलतात, हे २०१७मध्ये चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ या भाषा-मॉडेलच्या २०२३च्या तांत्रिक अहवालातही मूळ मॉडेलचा ७० टक्के विश्वास साधारण ७० टक्केच खरा ठरत होता, पण नंतरच्या प्रशिक्षणानं तो मेळ बिघडला. म्हणून अहवालात अ‍ॅक्युरसीशेजारी ब्रायरचा आकडा, म्हणजे वर्गाच्या पद्धतीचा सरासरी दंड, द्या, आणि नुसतं ‘नाही’ म्हणणाऱ्या मॉडेलचाही द्या.

७०च्या जागी ६० घेऊन साध्या अंतराच्या आणि वर्गाच्या, दोन्ही पद्धतींचे दंड कागदावर काढायला घ्या. तोवर मी पाणी पितो, मग प्रश्न घेऊ.