गोधडीतले कर्टुले

श्रोतेहो, नमस्कार.

घरात हेजहॉग पाळावा का, अशी विचारणा अलीकडे माझ्याकडे अधूनमधून होते. विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याला साळिंदर म्हणतात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. साळिंदर हा कुरतडणारा, कंदमुळांवर जगणारा मोठा प्राणी आहे आणि त्याचे काटे गळून समोरच्याच्या अंगात रुततात. हेजहॉग, म्हणजे संस्कृतातला जाहक, हा ओंजळीत मावणारा कीटकभक्षी जीव असून त्याचे काटे सहजासहजी सुटत नाहीत. नात्याने तो चिचुंदरीला जवळचा आहे. चिचुंदरी घरात दिसली की झाडू उगारणारी मंडळी तिच्याच भाऊबंदाला हजारो रुपये मोजून घरी आणतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

पाळण्यात असतो तो आफ्रिकी जातीचा हेजहॉग. भारतातही राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखात आणि दक्षिणेकडे हेजहॉगच्या जाती आहेत, परंतु त्या रानातल्या आहेत, रानातच राहाव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. परदेशी प्राणी घ्यायचा असला, तरी तो बंदिवासातच जन्मलेला असल्याची कागदपत्रे मागून घ्यावीत आणि शंका असल्यास वनविभागाकडे विचारणा करावी.

आता मुख्य मुद्दा. या प्राण्याला ऊब लागते. त्याच्या पिंजऱ्याजवळचे तापमान साधारण २४ ते २७ अंश असावे. २४ ते २७ अंश, हा आकडा कृपया लक्षात ठेवावा. आपल्या नाशिकमध्ये जूनपासून दिवाळीपर्यंत हे फारसे अवघड नसते. अडचण येते ती पौषात. निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो, आणि शहरातही पहाटे बोटे आखडतात. त्या थंडीत काय घडू शकते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी आणि जावई जानेवारीत आठ दिवस एका लग्नासाठी जळगावला गेले आणि त्यांचा हेजहॉग गंगापूर रोडवरील आमच्या घरी ठेवून गेले. पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडून आपल्या बाजारात कर्टुली येतात, तशी त्याची गोल, काटेरी ठेवण असल्यामुळे नातवाने त्याचे नाव कर्टुले ठेवले होते. मुलीने सूचनांचा दोन पानी कागद दिला होता. मी तो चष्मा न लावता चाळला. तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला कागद कशाला हवा, असा माझा त्यामागचा विचार होता.

कर्टुले दिवसभर झोपायचे आणि रात्री दहानंतर पिंजऱ्यातल्या चाकावर धावायला लागायचे. त्या चाकाची घरघर पहाटेपर्यंत चाले आणि मी कुशीवर कूस बदलत असे. चौथ्या रात्री मात्र घरघर मध्येच थांबली आणि मला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर कळले, की मध्यरात्री वीज गेली होती आणि तिच्याबरोबर पिंजऱ्यावरचा चिनी मातीचा हीटरही बंद पडला होता. आम्ही दोघे रजईत होतो, त्यामुळे आम्हाला काहीच जाणवले नव्हते.

कर्टुले अर्धवट वळलेल्या चेंडूसारखे एका कोपऱ्यात पडले होते. हात लावला तर काटे उभारले नाहीत, फुत्कार नाही, आणि पोट माठासारखे थंडगार. मी घड्याळ लावून अर्धा मिनिट पाहिले. श्वास दिसला नाही. मी सौभाग्यवतींना गंभीर आवाजात सांगितले, "गेलं बिचारं." मग कुदळ घेतली आणि पारिजातकाच्या बाजूला खड्डा खणायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारले, "काय सर, काही लावताय वाटतं?" लोकांच्या प्राण्याला मी आपल्या घरात मारले, हे तोंडातून निघेना. मी म्हणालो, "गुलाब." काकांना गुलाबांचे वेड. खड्डा किती खोल हवा, खत कोणते घालावे, यावर त्यांनी मला वीस मिनिटे उभे केले.

खड्डा पूर्ण करून आत आलो, तर पिंजरा रिकामा आणि सौभाग्यवती उन्हाच्या खिडकीत पदराखाली हात घालून बसलेल्या. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी पोटाशी, आणि गोधडीत कर्टुले. मी म्हणालो, "अगं, ते मेलंय." त्यावर त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "अहो, तुम्ही जन्मभर मेलेले बेडूक कापलेत. थंडीनं गारठलेलं करडू कधी पाहिलंय?" त्यांचे माहेर सिन्नर तालुक्यातले. तिथे त्यांच्या आईने थंडीत गारठलेली कितीतरी करडे अशीच पदराखाली घेऊन बसल्या बसल्या उबवली होती.

मी पुस्तकी विरोध करत समोर बसलो. पाऊण तास काहीही घडले नाही. मग गोधडी किंचित हलली. आणखी थोड्या वेळाने आतून बारीक फुत्कार आला, आणि श्रोतेहो, त्या फुत्काराइतका गोड आवाज मी आकाशवाणीवरसुद्धा ऐकलेला नाही. कर्टुल्याने नाक बाहेर काढले, लटपटत दोन पावले टाकली आणि सौभाग्यवतींच्या मांडीवर घाण केली. त्या एवढेच म्हणाल्या, "आता डॉक्टरकडे न्या."

चूक कुठे झाली, हे मला पशुवैद्यांनी समजावले. युरोपातला हेजहॉग हिवाळ्यात चरबी साठवून शीतनिद्रेत जातो, तेव्हा त्याचा श्वास मिनिटाला मोजक्या वेळाच चालतो. आफ्रिकेतल्या या जातीची तशी तयारी नसते; तरीही थंडी पडली की तिचे शरीर त्याच वाटेने जाऊ लागते आणि वेळीच ऊब मिळाली नाही तर ते दगावते. म्हणून पुन्हा सांगतो: पोट थंड लागले आणि चाल लटपटली, तर त्याला झोप समजू नये. पोट थंड, म्हणजे धोका. अंगाच्या उबेने किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीने हळूहळू उबवावे, गरम पाण्यात बुडवू नये, आणि शुद्धीवर आले तरी पशुवैद्यांना दाखवावे. नाशिकच्या थंडीत वीज गेल्यावर काय करायचे, हे प्राणी घरी येण्यापूर्वीच ठरलेले असावे. उन्हाळ्यात उलट काळजी. पारा ३२ च्या वर गेला की त्याला गार फरशीची जागा द्यावी.

बाकीचे थोडक्यात सांगतो, कारण वेळ संपत आली आहे. चाक सलग पृष्ठभागाचे हवे. जाळीचे असल्यास पाय अडकतो. खाण्यात कमी चरबीचे, भरपूर प्रथिनांचे मांजराचे कोरडे खाद्य आणि अधूनमधून अळ्या. दूध पचत नाही. आणि नाशिककरांना हे जड जाईल, परंतु द्राक्षे, बेदाणे आणि कांदा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे सारे वैभव, त्याच्यापुढे ठेवू नये. नवा वास आला की तो तोंडाला फेस आणून तो काट्यांना फासतो. आमच्याकडे हिंगाची फोडणी पडल्यावर असे झाले आणि घरात पिसाळल्याचा गोंधळ उडाला, परंतु ते त्याचे नैसर्गिक वागणे आहे. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि अगदी लहान मुलांच्या हाती त्याला देऊ नये. तो एकटा राहणारा प्राणी आहे, जोडीची दया दाखवू नये. आयुष्य साधारण ४ ते ६ वर्षांचे असते. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तो आणणाऱ्या पालकांनी हा आकडा आधी मुलाला सांगावा. माझ्या मते वाढदिवसाला जिवंत वस्तू द्यायचीच झाली, तर रोपटे द्यावे.

त्या खड्ड्यात मी दुसऱ्याच दिवशी गुलाब लावला, कारण काका कुंपणावरून पुन्हा चौकशी करत होते. तो आता छातीइतका वाढला आहे. मुलीला मात्र त्या गुलाबाचे मूळ आजवर सांगितलेले नाही, आणि ती सहसा या वेळी स्वयंपाकघरात रेडिओ लावते.

नमस्कार.