आठवीचा हजेरीपट

श्रोते हो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या नवी मुंबईत नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. वर ‘शंभर टक्के निकाल’, खाली नव्वदी पार केलेल्यांचे फोटो आणि त्याहून मोठे शुभेच्छुकांचे चेहरे. मी सरकारी हायस्कुलात गणित शिकवलं. मुलांचं कौतुक व्हावं, त्यात काही गैर नाही. पण शाळेनं काय कमावलं हे बघायचं, तर मी आधी आठवीचा हजेरीपट मागेन. तेव्हा पटावर किती होते आणि त्यातले दहावीच्या परीक्षेला किती बसले?

मुलं गळतात ती नववीत. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र चौदा वर्षांपर्यंत, शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच. म्हणजे जूनमध्ये वर्ग बदलला की मधल्या सुट्टीतली खिचडी बंद. आणि नेमकं याच वयात पोराच्या हाताला काम मिळायला लागतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांबरोबर पहाटे कांदा-बटाटा मार्केटला गाड्या रिकाम्या करायला जायचा. दुपारच्या शाळेत यायचा तेव्हा शर्टाच्या बाहीला कांद्याची सालं चिकटलेली असायची. पहिल्या तासाला मी त्याला खुशाल डोकं टेकवू द्यायचो, दुसऱ्या तासाला फळ्यापाशी उभा करायचो. दहावीत त्याचं गणित राहिलं, ते पुरवणी परीक्षेत सुटलं. पुरवणीवाल्यांचे फोटो कुणी लावत नाही, म्हणून इथे सांगतो.

शंभर टक्क्यांची एक आतली गोष्टही सांगायला हवी. काही शाळा नववीच्या अखेरीस कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावतात आणि गोड बोलून सुचवतात, ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ हा फॉर्म खरं तर मोठी सोय आहे. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून ती केलेली. पण बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या टक्केवारीत धरत नाहीत ना! मग टक्का राहतो, पोरगं जातं.

सरकारी शाळेनं असं निवडून-वेचून चालत नाही. दिघा, तुर्भे या बाजूला दगडखाणींवर कामाला आलेल्यांची मुलं ऐन नोव्हेंबरातही दारात उभी राहतात, कधी दाखल्याशिवाय. घरी कुणी कानडी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी गोरमाटी. त्यांना मराठीतून बीजगणित शिकवून दहावीच्या बाकावर बसवायचं, यात किती मास्तर-बाईंची वर्षं जातात, ते टक्केवारीत कुठून दिसणार? एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात यायची. आमच्या बाईंनी त्याला पाटी-खडू देऊन शेवटच्या बाकावर बसवलं. नियमात बसत नव्हतं. पण मुलगी टिकली.

आता पालकांसाठी एक कामाची गोष्ट. एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. परीक्षा आठवीत होते. बुद्धिमत्तेचा एक पेपर, शालेय विषयांचा एक, दोन्ही ९० गुणांचे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये, थेट मुलाच्या बँक खात्यात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित खासगी शाळांना ही दारं बंद. जिथे मुलं गळतात तिथेच हा पैसा सुरू होतो, म्हणून मला ती शाळेची खरी कमाई वाटते.

परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि अर्ज शाळेमार्फतच जातो. तेव्हा पोर आठवीत असेल तर दिवाळीची वाट न बघता मुख्याध्यापकांना भेटा. आणि हो, आधारवरचं नाव, शाळेतलं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना, ते आजच ताडून बघा. निवड होऊनही पैसे अडकतात ते बहुतेकदा या नावापायीच.

नमस्कार.