खाजन, खारभूमी, गजनी: एकच शेत, तीन बोर्डं

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस असूनही म्हापशाच्या या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, मागे उभे असलेल्यांनी पुढे जमिनीवर येऊन बसलात तरी चालेल, आपण शाळेतलीच माणसं आहोत.

कार्डावर विषय छापलाय 'अभ्यासक्रम अभ्यासात विद्यापीठं आणि शाळांचं प्रादेशिक सहकार्य'. नाव भारदस्त आहे पण प्रश्न साधा आहे. मुलांना काय शिकवायचं, ते कोण ठरवतं, कुठल्या क्रमाने, आणि काय गाळलं जातं, हे बघणं म्हणजे अभ्यासक्रमाचा अभ्यास. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, सत्तावीस वर्षं झाली, आणि मला हा विषय मानशीच्या दारापासून सुरू करायचाय.

इथल्या बहुतेकांना मानस माहीत आहे, तरी सावंतवाडीहून पाहुणे आलेत म्हणून सांगते. आपली खाजन शेती, गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर धरतात, समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मातीचे बांद घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि बांदात जिथे पाणी आत-बाहेर करतं तिथे मानस. तिला लाकडी दारं. भरती आली की नदीचं पाणी ती ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ती उघडतं. मोटर नाही, वायर नाही. आणि ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची आहे, गावकारीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, उभी केलेली.

तर आमची शाळा मांडवीच्या काठाला. आठवीला बल आणि दाब शिकवत होते, फळ्यावर बाण काढून. मागच्या बाकावर एक मुलगा, त्याचे आजोबा दरवर्षी मानशीची पावणी घेतात, म्हणजे तिथल्या मासळीचा लिलाव. हा मुलगा चाचणीत दाबाच्या धड्यात वीसपैकी चार. मी त्याला विचारलं, अरे तुमच्या मानशीचं दार भरतीला कोण बंद करतं रे, तर म्हणाला, "टीचर, दार कोण धांपिना, उदकच धांपता," म्हणजे कोणी बंद करत नाही, पाणीच करतं. मग उठून सांगायलाच लागला. अमास-पुनवेला पाणी जास्त चढतं, भरती रोज पाऊण तास उशिरा येते म्हणून जाळं लावायची वेळ रोज बदलते, दाराच्या खालच्या फळ्या आधी कुजतात कारण तिथे पाणी जास्त रेटतं. खालच्या फळ्यांवर जास्त रेटा! म्हणजे खोलीबरोबर दाब वाढतो हेच झालं ना, चाचणीत तोच प्रश्न होता आणि त्याने तो कोरा सोडला होता.

मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते. मुलाला येत होतं. त्याला जे येत होतं त्याला माझ्या पेपरात जागा नव्हती.

पुढच्या शनिवारी अख्खा वर्ग घेऊन मानशीवर गेले. हातात दोरी, दगड बांधलेली, त्यावर दर वीतभर गाठ. मुलींनी दोरी सोडून नदीच्या बाजूची आणि शेताच्या बाजूची उंची मोजली, दर पंधरा मिनिटांनी. दुपारी बाराच्या पुढे कधीतरी दोन्ही आकडे सारखे झाले आणि थोड्या वेळाने ते दार, काळं पडलेलं, शेवाळाने निसरडं झालेलं, एकदा कुरकुरलं आणि हललं. बत्तीस मुलं एकदम ओरडली. एक तर चप्पल हरवून बसली चिखलात, तिची आई मला आजही त्याची आठवण करून देते. सोमवारी मुलांनी आलेख काढला, दोन रेषा, आणि त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे एका मुलीने लाल पेनाने लिहिलं, 'दार हांगा उगडलें', म्हणजे दार इथे उघडलं. तो कागद माझ्याकडे जपून ठेवलाय.

आता त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तेरेखोल नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गातल्या आरोंद्याला एका मैत्रिणीकडे गेले, ती तिथल्या बाजूला शाळेत आहे. तिच्याकडे पण तीच जमीन, तोच बांध, फक्त ते म्हणतात खारभूमी, खारलँडचा बंधारा. नंतर तिच्याच ओळखीने कर्नाटकातल्या कुमट्याचे एक मास्तर भेटले, तिथे अघनाशिनीच्या मुखाशी हीच शेती आहे तिला म्हणतात गजनी. आपलं खाऱ्या पाण्यात टिकणारं भात कोरगुट, त्यांचं कग्गा. तिघं बसलो आणि आपापली पुस्तकं उघडली. गोवा बोर्ड, महाराष्ट्र बोर्ड, कर्नाटक बोर्ड. जे खाजन तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांच्या घरामागे आहे त्याचा एक अख्खा धडा आम्ही शोधत होतो, विज्ञानात, भूगोलात, कुठेही, आणि उघडलेल्या एकाही पुस्तकात तो मिळाला नाही. माझा सगळा मुद्दा तिथून सुरू होतो.

इथे थोडं मनातलं बोलू दे. काही वर्षांपूर्वी अशाच विषयावर एक मोठी कार्यशाळा झाली, नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. विद्यापीठाची माणसं, शाळांची माणसं, अधिकारी. मी माझे आलेख घेऊन गेले होते. सकाळचं सत्र दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळात गेलं, मग सामंजस्य कराराच्या सह्या, मग फोटो. दुपारी शिक्षकांचं सत्र होतं, ते चहाच्या आधी पंधरा मिनिटांवर आलं. माझ्या शेजारी एक प्राथमिकच्या बाई होत्या, पेडण्याच्या बाजूच्या, त्यांनी चौथीच्या मुलांकडून गावातल्या व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, नकाशा करून आणला होता, चार्टपेपर गुंडाळून, बसमधून, पावसापासून वाचवत. त्यांना माईकच मिळाला नाही. तो गुंडाळा तसाच परत घेऊन गेल्या. एका प्राध्यापकांनी मला मनापासून सांगितलं की आपण हे करूच, फाईल पण झाली, मग अधिकारी बदलले आणि फाईल कुठे गेली ते कोणालाच सांगता येईना. मला राग त्या माणसांचा नाही आला. राग आला तो हा की त्या बाईंच्या चार्टपेपरला पाच मिनिटं ठेवायची कोणाला सुचलं नाही, आणि सहकार्य म्हणजे सह्या असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

कारण खरं सहकार्य झालेलं आहे, आपल्याच देशात. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ मिडल स्कूलांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरू केला, दिल्ली विद्यापीठाचे आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ गावातल्या शाळांत जाऊन बसले. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, पुढे एकलव्य ही संस्था १९८२ मध्ये त्यातूनच निघाली. मुलं प्रयोग करून शिकायची, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. मला सर्वात आवडते ती त्यांची मासिक बैठक. दर महिन्याला आसपासचे शिक्षक एका शाळेत जमायचे, या महिन्यात कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं ते मांडायचे, विद्यापीठातली माणसं समोर बसून ऐकायची आणि पुस्तक दुरुस्त व्हायचं. मुलांच्या प्रश्नांच्या पत्रांना सवालीराम नावाने उत्तरं जायची! २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चालला मात्र.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत, शेवटच्या बसवाल्यांची मला काळजी आहे, तर आपल्याकडे असं सहकार्य व्हायला काय करावं लागेल ते भराभर सांगते.

पहिलं, आपला 'प्रदेश' कुठला ते ठरवा. एनसीईआरटी, म्हणजे शालेय शिक्षणाची केंद्राची संस्था, तिच्या रचनेत गोव्याची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे, महाराष्ट्र, गुजरातबरोबर. भोपाळची माणसं चांगली आहेत पण त्यांनी मानस बघितलेली नाही, आणि कारवार-कुमटा मैसूरच्या संस्थेकडे जातं. आपली कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, १९८५ मध्ये ताळगावच्या पठारावरचं आपलं विद्यापीठ झालं. बोर्ड त्याच्या दहा वर्षं आधी, १९७५ मध्ये. दोन्ही व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सावंतवाडी, वेंगुर्ल्याची कॉलेजं आजही मुंबईकडे बघतात, कारवारची धारवाडकडे, आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची मुलं आजारी पडली की गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला येतात. तिळारीचं धरण महाराष्ट्र आणि गोवा दोघांनी मिळून बांधलं, कालवा सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाही. म्हादई कर्नाटकात उगम पावून आपल्याकडे मांडवी होते. नदी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत तरी एकत्र बसायला काय हरकत आहे?

दुसरं, परीक्षा. अमेरिकेत १९३० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला, आठ वर्षांचा अभ्यास म्हणून ओळखतात. तीस शाळांना आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवायची मोकळीक आणि तीनशेहून जास्त कॉलेजांनी कबूल केलं की या मुलांना प्रवेशाच्या नेहमीच्या अटी लावणार नाही. मग १४७५ जोड्या करून तुलना केली, या शाळांतला एक विद्यार्थी आणि नेहमीच्या शाळेतला त्याच्यासारखाच एक. या शाळांतली मुलं कॉलेजात मागे पडली नाहीत, थोडी पुढेच राहिली. म्हणजे विद्यापीठाने दार थोडं उघडलं तर शाळा हलते. वरून प्रवेश परीक्षा तीच ठेवून खाली स्थानिक अभ्यासक्रम म्हणायचं, तर माझ्यासारखी बाई मानशीवर किती शनिवार नेणार सांगा, दहावीच्या पालकांना काय उत्तर देणार.

तिसरं, वेळ. आपल्याकडे २०२५ पासून सहावीपासूनचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, सिंधुदुर्गात जूनच्या मध्याला, कर्नाटकात मेअखेर. तीन कॅलेंडरं, म्हणून एकत्र बैठक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच धरावी लागते. शिक्षकाला महिन्यातून एक दिवस ऑन ड्युटी द्या, एवढंच मागणं आहे, पैसे नकोत. आणि विद्यापीठाच्या बाजूने, चार वर्षांच्या डिग्रीत आता इंटर्नशिप आहेच, बीएडच्या मुलांना पण शाळेत पाठवतातच, तर त्यातली काही या बैठकांना बसवा, नोंदी ठेवायला, आलेख तपासायला. पर्वरीला एससीईआरटी ही राज्याची अभ्यासक्रम संस्था आहे, डाएट हे शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र आहे, जागा आणि माणसं आहेत.

चौथं भाषा, आणि यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्लिश. ज्याला 'उदक रेटता' म्हणता येतं त्याला 'प्रेशर' लिहिता येत नाही. आमच्या तिघांची बैठक होते तेव्हा कुमट्याचे मास्तर कन्नडमध्ये लिहितात, आरोंद्याची मैत्रीण मराठीत, मी इंग्लिशमध्ये, आणि बोलतो सगळे आपापल्या गावच्या बोलीत, थोडं अडतं पण काम चालतं. तो एक धडा आम्ही आता तिन्ही लिपीत लिहायला घेतलाय. अर्धा झालाय. नावावरून अजून भांडतोय, खाजन, खारभूमी की गजनी, शेवटी तिन्ही नावं ठेवू बहुतेक.

ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, येत्या पुनवेला आम्ही मुलांना घेऊन परत मानशीवर जातोय. अकरापर्यंत या, भरती भरलेली असेल तोवर दोरीच्या गाठी मोजायला शिकवू, दार त्याच्यानंतर उघडतं. पेडण्याच्या त्या बाई पण येणार आहेत, त्यांनी चार्टपेपर अजून ठेवलाय. बांदावर निसरडं असतं, चपला गाडीतच ठेवा.