बी आणि वाफसा

(पडद्यावर : गंगावेशीतला दूध कट्टा. रात्र. म्हशीच्या धारेचा आवाज.)

चरवीत धार पडतेय. वर बोटभर फेस चढतो आणि पेला तसाच, कोमट, समोर येतो. धारोष्ण दूध. तालमीतल्या पोरानं ते असंच प्यायचं, ही कोल्हापूरची रीत. कच्च्या दुधानं काही बाधत नाही का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "काय हुतंय वो? अंगात रग पायजे."

दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये दोन शास्त्रज्ञ याच गोष्टीवरून भांडत होते. लुई पाश्चर म्हणत, रोग बाहेरून येणाऱ्या जंतूमुळे होतो. आंत्वान बेशां म्हणत, शरीराची जमीन बिघडली की जंतू आतल्याच सूक्ष्म कणांतून तयार होतात. बेशांचं हे म्हणणं टिकलं नाही. पाश्चरनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला, तो नासला नाही. नळी मोडली, हवेतली धूळ आत गेली, तेव्हा नासला. पुढं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतूच दाखवला.

आज मोबाइलवर एक मेसेज फिरतो : "मरताना पाश्चरनी कबूल केलं, जंतू काहीच नाही, जमीनच सगळं." त्याला भरवशाचा लेखी पुरावा नाही. तरीही तो फिरतो, कारण त्यात अर्धं खरं आहे.

ते अर्धं इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नसेल तर पेरलेलं उगवत नाही. क्षयाचा जंतू शंभर जणांच्या अंगात शिरला, तर आयुष्यभरात रोग उठतो तो पाच ते दहा जणांना. मधुमेह असेल, एचआयव्ही असेल, पोटाला नीट मिळत नसेल, तर त्या जंतूला वाफसा मिळतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी कमी. डाळभात आणि गोळ्यांनी!

पण बी पडलंच नाही, तर वाफसा कितीही चांगला असो, रान मोकळंच राहतं. हे दुसरं अर्धं कळायला नदीवर जावं लागेल.

(पडद्यावर : कोल्हापूरचं सांडपाणी वाहणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो ती जागा. मग नदीकाठानं खाली, इचलकरंजीकडे.)

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली. हेपटायटिस ई. हा विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. म्हणून तर काविळीच्या माळेला यश येतं : डोक्यातून घातलेली माळ वाढत वाढत पायाशी येते, तोवर कावीळ उतरलेली असते. पण हाच विषाणू शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला गाठतो, तेव्हा शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. विषाणू तोच, पाणी तेच. तिच्या अंगाची जमीन तेवढी वेगळी. आता त्या बाईला काय सांगायचं, प्रतिकारशक्ती वाढव? तिनं तिचं काय चुकवलं होतं? तिच्या नळाला येणारं पाणी स्वच्छ हवं होतं.

"अंग धड असलं की काही होत नाही," हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच राग येतो. आजारी पडलेल्या माणसावरच त्यात दोष येतो आणि नाला वाहायचा तसा वाहत राहतो.

(पडद्यावर : तालीम. लाल माती. हळद, ताक, लिंबू घालून माती खणणारे हात.)

आमच्या गल्लीतल्या एका पैलवानाला टीबी झाला. कमीत कमी सहा महिन्यांच्या गोळ्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन भरलं, जोर पुन्हा शंभरावर गेले. रग परत आली म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. जमीन सुधारली होती, पण बी आत जिवंत होतं. चौथ्या महिन्यात रुमालावर रक्त दिसलं.

औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता वस्ताद स्वतः पहाटे कुस्तीच्या हौद्याच्या कडेला गोळ्यांचं पाकीट घेऊन बसायचे. "आधी हे गीळ. मग अंडी, मग दूध." दूध अजून कट्ट्यावरूनच यायचं, त्याच म्हशीचं. फक्त तालमीच्या कोपऱ्यात एक स्टोव्ह आला होता. पातेल्यात दूध वर यायचं, वस्ताद फडक्यानं धरून ते उतरवायचे आणि जाड साय बाजूला करून पेला त्याच्या हातात द्यायचे.