तट गेला, वेशी राहिल्या: सायकलवरून जुने सोलापूर

मंडळी, आपण रिक्षावाल्याला "बाळीवेस" सांगतो, तो बरोबर नेऊन सोडतो, आणि तिथे वेस काही दिसत नाही. तुळजापूर वेस, कुंभार वेस, विजापूर वेस, सगळ्यांची हीच गत. जुन्या गॅझेटियरात शहराच्या तटाचा घेर अडीच मैल दिला आहे, म्हणजे चार किलोमीटर. वाढत्या गावाला जागा हवी म्हणून १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेचा तट सगळाच पाडला, नैर्ऋत्येचा आणि उत्तरेचा थोडा थोडा. आजचा विषय आहे त्या पाडलेल्या तटाभोवतीचा फेरा. रस्ते तटाच्या रेषेत नेमके जात नाहीत, त्यामुळे चाकाखाली सहा-सात किलोमीटर येतात. थांबत गेलात तर दोन तास धरा.

देवाची प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. इथे उलटे करा, जुने गाव डाव्या हाताला ठेवा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, तेव्हा या दिशेने बहुतेक वळणे डावीच पडतात आणि वाहनांची धार ओलांडायची वेळ क्वचित येते. सुरुवात चार पुतळ्यांपासून, सकाळी सहाला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांचे हे पुतळे. सात-साडेसातनंतर वेशींजवळ हातगाड्या, रिक्षा आणि शाळेची पोरे यांच्यात सायकल हातात धरूनच चालावे लागते.

आता सायकल. गिअरची गरज नाही, साधी काळी सायकल उत्तम. हवेत मात्र लोक चुकतात. टायरच्या अंगावर किती हवा भरायची ते छापलेले असते. त्यातल्या वरच्या आकड्यापेक्षा थोडी कमी भरा. टम्म टायर गल्लीतल्या फरशीवर आणि गटाराच्या झाकणांवर उडतो. फार कमी हवा असली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ते पंक्चर काट्याचे नव्हे, कमी हवेचे.

रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी झाली, तर लगेच ट्यूब काढू नका. जुन्या धाटणीच्या वालमध्ये रबराची बारीक नळी असते, वालट्यूब. आपल्या उन्हात ती वाळते, चिरते. वालच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, पाच मिनिटांचे काम. दोन नळ्या खिशात असू द्या.

काट्याच्या पंक्चरचे कारण बहुधा वेडी बाभूळ, तलावाकाठी आणि मोकळ्या जागांवर माजलेली. ट्यूब काढा, हवा भरा, पाण्यात बुडवून भोक शोधा. तेवढी जागा रेतीकागदाने खरवडा, सोल्यूशन लावा आणि ते वाळू द्या. ओल्यावरच ठिगळ बसवले की घरी पोचायच्या आत सुटते. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. काट्याचे मोडलेले टोक तिथेच रुतलेले असते. ते राहिले तर पुढच्या चौकात पुन्हा तेच. चिंधीच वापरा, बोट नको.

आता पुन्हा वाटेवर. भुईकोट किल्ला बहामनी काळातला. सायकल दाराबाहेर कुलूप लावून ठेवावी लागते, पण बाहेरूनच बघण्यासारखे खूप आहे. तटाच्या रांगा दोन आहेत: बाहेरची बुटकी, आतली उंच, म्हणजे आतल्या तोफा बाहेरच्यांच्या डोक्यावरून चालाव्यात. तीन बाजूंना खंदक, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. तिथे खंदकाचे काम तळेच करते. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने हा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला.

पुढे विजापूर वेस, कुंभार वेस. ही पूर्वेची बाजू, तट पूर्ण गेलेली. इथे दगड शोधू नका, कान द्या. तटापलीकडे मागवाल्यांची, म्हणजे विणकरांची, वस्ती पसरली, तोच आजचा पूर्व भाग. चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांची खटखट गल्लीगल्लीत ऐकू येते. दुकानांच्या पाट्या मराठीत, उंबऱ्यावरच्या गप्पा तेलुगूत. १८७७ ची जुनी गिरणी या शहराची पहिली खरी, पण मागाचे सोलापूर पाहायचे तर इथल्या एखाद्या गल्लीत फाटा मारा. सायकल हळू चालवा. सुताची पोती घेतलेली हातगाडी आली तर तिच्यासाठी उतरायचे तुम्ही.

तुळजापूर वेशीहून बाळीवेशीला आलात की फेरा जवळजवळ पुरा. तोवर पाणी एक लिटर संपलेले असते. मार्चपासून दीड लिटर घ्या. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, अडुसष्ट लिंगांच्या तेलाभिषेकाला निघतात, तेव्हा या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सायकल घरी ठेवा आणि काठ्यांमागून चालत जा.