सही कोणाची?

नमस्कार श्रोतेहो. मी फोंड्याला वकिली करतो. कूळ-मुंडकारांची प्रकरणे, वाटण्या, कुंपणाची भांडणे हे माझे रोजचे दळण. गेल्या चतुर्थीच्या आधी डिचोलीकडची एक वहिनी आली. नवऱ्याला मूत्रपिंड द्यायचे होते, त्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी. सोबत सासू आणि दीर. मजकूर वाचता वाचता ‘स्वखुशीने’ या शब्दाशी मी थांबलो आणि विचारले, “वहिनी, तुमची खुशी आहे ना?” उत्तर दिराने दिले. “तिचीच तर इच्छा!”

दोघांना खाली चहाला पिटाळले. मग तिने तोंड उघडले, पण प्रश्न भलताच. “ऑपरेशन झाल्यावर किती दिवसांनी कळशी उचलता येते?”

आता याला होकार म्हणायचे की नाही?

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. 4 फेब्रुवारी 1995 पासून तो लागू झाला आणि पहिल्या राज्यांत गोवा होता. किडनीचा बाजार बंद करणे हा त्याचा मोठा हेतू. अवयवाची खरेदी-विक्री केली तर पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. म्हणून जिवंत माणसाने जवळच्या नात्यातच द्यावे, ही मुख्य वाट. नवरा-बायको, आईवडील, मुले, भावंडे, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडेही. नात्याबाहेर द्यायचे तर मंजुरी देणाऱ्या समितीपुढे उभे राहावे लागते.

पैशाचा व्यवहार पकडता येतो हो. घरातला दबाव कसा पकडणार? आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे, कारण 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे: दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्या, आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ओळ चांगली आहे. पण तो ‘दुसरा कुणी’ बहुतेक वेळा दीरच निघतो.

मेलेल्या माणसाचे अवयव मिळाले तर वहिनीवर ही पाळी कमी येईल. तिथे गाठ वेगळी. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबणे, हाही मृत्यूच, हे याच कायद्याने ठरवले. चार डॉक्टर, दोनदा तपासणी, मध्ये किमान सहा तास, आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यात कुणीही नाही. कागदावर चोख. पण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात गरम लागतो, आणि त्याच वेळी बापाला सही करायला सांगतात. त्याने नाही म्हटले तर मला त्याचा राग येत नाही.

जिवंतपणी साक्षीदारांसमोर लिहून दिलेली इच्छा कायदा मानतो. तरी घरच्यांना विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. म्हणून मी माझ्या अवयवदानाचा भरलेला फॉर्म बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. “बाकी काय ते न्या म्हणावं. डोळे नकोत.” मी म्हटले, डोळे तर सगळ्यात सोपे, हृदय थांबल्यावरही देता येतात. ती म्हणाली, “सोपे तुम्हाला. बघायचे मला आहे.”

साक्षीदाराची जागा अजून कोरी आहे.